आत्याला आणि आजीला वाचून दाखवा

रँस, फ्रान्स

ती. आई-अण्णांस आणि आजीस सा. नमस्कार. सोन्याला आशीर्वाद.

फोनवर निम्मा वेळ आईच बोलते आणि उरलेल्यात रेंज जाते, म्हणून लिहायला बसले. मी मजेत आहे. थंडी सुरू झाली, पण जाड कोट घेतलाय. सेलमधला आहे, काळजी नको. डाळ-तांदूळ मिळतात. वजन उतरलेलं नाही, फोटोत तसं दिसतं एवढंच.

आत्या विचारत होती म्हणे, पोरगी दारू प्यायला गेली की शिकायला. तिला नीट सांगा. इथे वाइनच्या वर्गात वाइन चाखतात ती थुंकायला. खरंच! प्रत्येकापुढे ग्लास, शेजारी थुंकायचं भांडं. घोट घ्यायचा, आजी बशीतला चहा ओढते तशी आत हवा ओढायची, चांगला मोठा आवाज करत. मग तोंडभर फिरवून बारीक, सरळ धारेत भांड्यात सोडायचा. टाय लावलेले मास्तरसुद्धा थुंकतात आणि तोंड पुसून 'लिंबू, ब्रेड, थोडा खडू' असं गंभीरपणे लिहून घेतात. कुणी कुणाकडे बघत नाही. न थुंकता गिळणाराच अडाणी ठरतो, कारण एका सकाळी एवढे नमुने असतात की गिळले तर दुपारचा तास बुडेल. थोडीफार पोटात जातेच, ते नाही म्हणत नाही. पण तेवढ्याने कुणी बिघडत नाही.

आणि आजीला क्लिको बाईंचं सांगा. व्हव क्लिको हे शँपेनचं घराणं १७७२चं. सासऱ्यांनी काढलेलं. १८०५ मध्ये नवरा गेला तेव्हा बाई २७ वर्षांच्या, पदरात एक मुलगी. तिथल्या कायद्यात सवाष्णीला स्वतःच्या नावावर धंदा करता येत नव्हता, विधवेला येत होता. सासऱ्यांनी पैसा घातला, पण आधी जाणत्या माणसाच्या हाताखाली शीक, ही अट घालून. लढाया चालू, बंदरं बंद, माल पडून. तरी १८१४ मध्ये बाईंनी इतरांच्या आधी रशियाला जहाज धाडलं आणि बाजार मारला. आजोबा गेल्यावर व्यापाऱ्याशी मालाच्या भावावरून भांडणारी आजी मला क्लिकोच्या तळघरात उभं असताना आठवली.

तळघर म्हणजे रोमन काळातल्या खडूच्या खाणी. वर कितीही ऊन असो, आत बाराही महिने १०-१२ अंश. अण्णा, तुम्हाला यातलं तंत्र आवडेल. तयार वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आंबताना निघणारा वायू आतच कोंडतो, मोटारीच्या टायरच्या अडीचपट दाब होतो. पण मेलेल्या यीस्टचा गाळही आतच राहतो. तो काढायला बाईंनी १८१६ च्या सुमारास भोकं पाडलेलं टेबल वापरात आणलं. बाटल्या तोंड खाली करून खोचायच्या, रोज जराशा फिरवायच्या, गाळ बुचाशी उतरतो. आता बहुतेक काम यंत्रं करतात, पण एका म्हाताऱ्या कामगाराने आम्हाला हाताने करून दाखवलं. दोन्ही हातांत दोन बाटल्या, एक झटका, पुढच्या दोन. नजर आमच्याकडेच. शेवटी बाटलीची मान गोठवून झाकण उघडलं की गाळाचा बर्फ फट्कन बाहेर!

शँपेनच्या द्राक्षांची तोडणी हातानेच, यंत्राला बंदी. आणि ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरच्या वर रस घ्यायचा नाही, असा नियम आहे. सप्टेंबरात मीही एका शेतकऱ्याकडे तोडणीला गेले होते. कंबर मोडली, वेली आपल्या मांडवासारख्या उंच नाहीत, गुडघ्यापासूनच घड. तुमची आता गोडी छाटणी चालू असेल, मजूर मिळत नाहीत म्हणालात. आणि मी इथे दुसऱ्यांचे घड तोडते. असो.

तोडणीचे पैसे मी पाठवले आहेत, त्यातून कर्जाचा एक हप्ता जाईल. उरतील ते द्राक्षांवरच्या डाऊनी बुरशीच्या औषधाला वापरा, मला विचारू नका. निफाडच्या स्थळाला 'पुढच्या वर्षी बघू' सांगा. मुलगा वाईट आहे असं नाही. दिंडोरीला शँडन वाइनवाले आहेतच, तेही क्लिकोच्याच मालकाचे, तिथे कामाला लागता आलं तर लग्नाचं बोलू. आई, यावर फोनवर रडू नकोस. सोन्याच्या साखरपुड्याला येणं जमत नाही, तिकिटाचे दर बघितले. त्याच्या अंगठीत माझे म्हणून पाच हजार घाला, मी पाठवते.

तुमची,
मनी

ता.क. पासबुकाचा फोटो धाडा, हप्ता वळता झाला का बघायचंय.