काळे उमटलेले कुंकू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उमरावसिंह शेरगिल यांनी काढलेल्या घरच्या छायाचित्रांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील, एवढीच त्यांची ओळख मला होती. संस्कृत-फारसीचा हा व्यासंगी माणूस बुडापेस्टला, सिमल्याला पत्नीला, अमृता-इंदिरा या लेकींना आणि स्वतःलाही कॅमेऱ्यापुढे बसवत राहिला, हे वाचले आणि कपाटातली आजोबांची लाकडी पेटी काढून बसले.

आजोबा अमळनेरला वकिली करीत. फोटो हा त्यांचा नाद. घरात उजेड पुरत नसे, म्हणून सगळ्यांना ओसरीच्या कडेला बसवीत. तेव्हा फिल्मऐवजी कॅमेऱ्यात काचेच्या प्लेटा घालत, चित्र त्यांच्यावर उमटे. त्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसत नसे. म्हणूनच मागच्या खोलीत लाल काचेच्या कंदिलाच्या उजेडात त्या धुता येत आणि म्हणूनच आजीचे कुंकू फोटोत काळेभोर उमटले आहे. लहानपणी मला त्या काळ्या कुंकवाची भीती वाटे. आजी जात्यापाशी बसली आहे, एक हात खुंट्यावर. मांडीवरच्या बाळाने मान हलवली, त्यामुळे त्याचा चेहरा पुसट झाला आहे. ती माझी थोरली आत्या. वर्षाची व्हायच्या आत गेली. तिचा दुसरा फोटो नाही.

पेटीत शंभरावर प्लेटा होत्या. वाडा विकताना आमच्याच माणसांनी त्या गरम पाण्याने घासल्या आणि काचा देवांच्या तसबिरींना बसवल्या. आता तेवीस उरल्या आहेत.

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरांत अशा पेट्या अजून असतील. कृपा करून त्या भंगारात देऊ नका. प्लेटेच्या चकाकी नसलेल्या बाजूला पाणी काय, बोटही लावू नका, चित्र त्याच थरात असते. एकीवर एक न रचता, मध्ये कागद घालून उभ्या ठेवा, पत्र्याखालच्या उन्हाळ्यात तर नकोच. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर प्लेट थोडी वर धरली तरी दुसऱ्या मोबाइलने नक्कल घेता येते. चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस यांचे घर जपले गेले, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाने जुने कागद सांभाळले. घरगुती फोटोंच्या नकलांनाही अशी एखादी जागा मिळावी. आपण त्यासाठी आवाहन छापावे, ही विनंती.

नक्कल काढाल तेव्हा पाकिटावर नावेही लिहा. आमच्या फोटोत आजीमागे मोठी नथ घातलेली एक बाई उभी आहे. ती कोण, हे सांगणारे आता घरात कुणी नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर