आधी ऐकायला लावणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवर उपग्रहावरून बोलायचं म्हटलं की लोक आधी रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) आणि महागड्या रेडिओची यादी पुढे करतात. तुम्ही मेजरटेपचे तुकडे, पीव्हीसी पाइप आणि दोन साध्या हँडसेटवर भागवलंत. आणि डाउनलिंक, म्हणजे वरून येणारा सिग्नल, नीट ऐकू येईपर्यंत आमचा हात पीटीटीला (बोलायच्या बटणाला) लागू दिला नाहीत. आभार मुख्यतः त्याचे.

स्पेस स्टेशनचा रिपीटर, म्हणजे आपला आवाज ऐकून परत पाठवणारा रेडिओ, १४५.९९० मेगाहर्ट्झवर आवाजासोबत ६७ हर्ट्झचा टोन मागतो आणि ४३७.८०० वर बोलतो. हे आकडे कुठेही मिळतात. पण ४३७.८०० एवढ्या एकाच चॅनेलवर बसलं तर बराचसा पास, म्हणजे स्टेशनची डोक्यावरून जायची फेरी, हातचा जातो. डॉप्लरमुळे, म्हणजे स्टेशनच्या वेगामुळे, सिग्नल येताना साधारण १० किलोहर्ट्झ वर असतो, जाताना तेवढाच खाली. म्हणून तुम्ही पाच चॅनेल भरून दिलेत: ४३७.८१०, ८०५, ८००, ७९५, ७९०. पहिल्यावर निवांत थांबता येतं; स्टेशन डोक्यावर आलं की मधले भराभर बदलावे लागतात. अपलिंकवर, म्हणजे आपण वर पाठवतो त्यात, फरक जेमतेम ३ किलोहर्ट्झ, तो एफएममध्ये खपून जातो.

७० सेंटिमीटर बँडच्या (४३७ मेगाहर्ट्झच्या) यागीत, म्हणजे एका दिशेला रोखायच्या अँटेनात, अर्धी लहर ३४ सेंटिमीटर, डायपोल (केबल जोडायचा दांडा) त्याहून थोडा आखूड. टेपवरचा रंग पॉलिशपेपरने पार खरवडायचा. नाहीतर सोल्डर बसल्यासारखं दिसतं आणि अँटेना फिरवताना सुटतं. केबल दीड मीटरच, कारण या बँडला दहा मीटर आरजी-५८ जातीची केबल निम्म्याहून जास्त सिग्नल खाते. आवाज खरखरला की आधी मनगट पिळून यागी आडवी-उभी करून बघायची, सिग्नलचं पोलरायझेशन (लहरीचा आडवा-उभा कल) सतत फिरत असतं.

बोलायला लागलं की ऐकायचा हँडसेट बहिरा होतो, त्याचं कारण तुम्ही कागदावर गुणाकार करून दाखवलंत: १४५.९९० ची तिप्पट ४३७.९७०, म्हणजे आपल्याच ट्रान्समिटचा तिप्पट सूर ऐकायच्या ४३७.८०० च्या अगदी शेजारी पडतो. ट्रान्समिटच्या बाजूला लो-पास फिल्टर (वरचे सूर अडवणारा) लावला की सुधारतं. हे एक कळलं नसतं तर अँटेनालाच शिव्या बसल्या असत्या.

जोतिबाचा डोंगर आड येतो ही तक्रार तुम्ही हसण्यावारी नेलीत, आणि बरोबरच आहे. इतक्या लांबून तो एक-दोन अंश झाकतो. शेजारचं अपार्टमेंट आणि गच्चीवरची टाकी वीस अंश खाते. म्हणून सुरुवातीला कमाल उंची ३० अंशांच्या वरचेच पास धरायचे. आपल्याकडच्या धो धो पावसाचंही तसंच: ४३७ वर पावसाने काही बिघडत नाही, कनेक्टरात पाणी शिरलं की बिघडतं.

बोलताना कॉलसाइन (आपलं रेडिओचं नाव) आणि ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचा क्रमांक), आपला एमके ७६, बस्स. दहा मिनिटांच्या पासमध्ये हवापाण्याच्या गप्पा म्हणजे इतरांची वाट अडवणं.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा),
तुमच्या हाताखाली शिकलेली कोल्हापूरची मंडळी

ता. क. स्पेसवॉक असेल किंवा यान जोडायचं असेल तेव्हा रिपीटर बंद ठेवतात. त्या दिवशी अँटेना उसवायला घेऊ नये, हे नव्या मुलांना आम्ही आता तुमच्याच आवाजात सांगतो.