शाप ठेवला, मुकुट सोडला

प्रिय मुक्ता,

आयोजकांचं पत्र वाचलं. परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हातात असताना या लोकांनी वर आणखी तीन बदल सांगावेत, याचा राग येणारच. आमदाराचा सावकार करा, गावाचं नाव बदला, शेवटची ओवी गाळा. ‘नाटकच मागे घेते’ म्हणालीस. घे, माझी हरकत नाही. पण त्याआधी इटालियन ऑपेरांचा संगीतकार व्हेर्दी याच्या दोन भानगडी ऐकून घे. तू त्याची गाणी ऐकतेस. मी त्याचे करार आणि खटले वाचते, तुला ठाऊकच आहे.

१८५० साली व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहासाठी तो नवा ऑपेरा लिहीत होता. विषय व्हिक्टर ह्यूगोच्या नाटकाचा, जे १८३२ मध्ये पॅरिसला पहिल्याच प्रयोगानंतर बंद पाडलं गेलं होतं. एक लंपट राजा, त्याचा कुबडा विदूषक, विदूषकाने जगापासून लपवलेली मुलगी, आणि जिची अब्रू गेली अशा दुसऱ्या एका मुलीच्या बापाने भर दरबारात दिलेला शाप. व्हेनिसवर ऑस्ट्रियाचा अंमल, आणि १८४८ चा उठाव चिरडून फार दिवस झाले नव्हते. डिसेंबरात बंदीचा हुकूम आला. शब्द लिहिणारा पियावे हबकला आणि त्याने सरकारला चालेल अशी संहिता करून दिली. राजाचा वेंदोमचा ड्यूक झाला, तोही सोवळा. विदूषकाचं कुबड गेलं. शेवटी मुलीचं प्रेत ज्यातून बापाच्या हाती येतं ते पोतं गेलं. शाप राहिला, पण तो द्यायला कारणच उरलं नाही.

व्हेर्दीने १४ डिसेंबरला नाट्यगृहाच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. मला ते एखाद्या कैफियतीसारखं वाटतं. थयथयाट नाही, मुद्द्यामागून मुद्दा. शापाला अर्थ नसेल तर नाटकाला काय अर्थ? पोत्याशी पोलिसांना काय करायचंय? कुबड्याने गायलेलं चालत नाही, असं कोण म्हणतं? बाहेरून विद्रूप, हास्यास्पद आणि आतून मायेने भरलेला माणूस, म्हणून तर त्याने हा विषय घेतला होता. आपण संगीत, चांगलं असो की वाईट, कुठल्याही कथेवर सहज चिकटेल असं लिहीत नाही, हेही त्याने ऐकवलं.

मग महिनाअखेरीस नाट्यगृहाचा सचिव आणि पियावे बुसेतो गावी त्याच्याकडे गेले आणि तडजोडीचा कागद झाला. फ्रान्सचा दरबार गेला, मांतुआचा आला. राजाचा ड्यूक झाला. मुलगी ज्या शयनगृहात शिरते त्याची किल्ली राजा खिशातून काढतो, तो प्रसंग कापला. नावं बदलली. पण ड्यूक लंपटच राहिला, आणि कुबड, पोतं, शाप जागच्या जागी राहिले. ११ मार्च १८५१ ला ‘रिगोलेत्तो’ उभा राहिला. मुकुट गेल्याने त्यात काय कमी झालं, मला तरी सापडत नाही.

(पुढे इतर गावांच्या अधिकाऱ्यांनी त्यालाही सोडलं नाही. रोममध्ये तो ‘विस्कार्देल्लो’ या नावाने झाला.)

पण दर वेळी तडजोडच केली असं समजू नकोस. नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहासाठी त्याने स्वीडनच्या तिसऱ्या गुस्ताव्हचा विषय घेतला. या राजावर १७९२ मध्ये मुखवट्यांच्या नाचात गोळी झाडली गेली होती. राजाचा ड्यूक करायला, स्वीडन सोडायला तो आधीच तयार झाला होता. तेवढ्यात १४ जानेवारी १८५८ ला पॅरिसमध्ये ऑपेराला निघालेल्या फ्रान्सच्या सम्राटावर, तिसऱ्या नेपोलियनवर, ओर्सिनी या इटालियन क्रांतिकारकाने बॉम्ब फेकले. नेपल्सच्या बूर्बाँ सरकारची तंतरली. नाट्यगृहाने त्याच्यापुढे फ्लॉरेन्समध्ये घडणारी भलतीच संहिता ठेवली, जवळजवळ एक तृतीयांश ओळी बदललेली. व्हेर्दीने नकार दिला. नाट्यगृहाने करारभंगाचा दावा लावला, त्याने उलट दावा ठोकला आणि दोन्ही संहिता शेजारी शेजारी मांडून न्यायालयाला दाखवलं की मी करार केला तो या नाटकाचा नाहीच. वकील म्हणून सांगते, असा पुरावा सादर करायला मिळाला तर मी फी माफ करीन! शेवटी मिटलं: ‘सिमोन बोक्कानेग्रा’ हा त्याचा दुसरा ऑपेरा नेपल्सला बसवून देण्याच्या बोलीवर त्याची सुटका झाली. गुस्ताव्हवरचा ऑपेरा रोमला १७ फेब्रुवारी १८५९ रोजी लागला. राजा तिथे बॉस्टनचा गव्हर्नर झाला, कारण पोपच्या अधिकाऱ्यांना युरोपातला खून नको होता. समुद्रापलीकडचा चालला.

त्याच सुमारास लोक भिंतींवर ‘व्हिवा व्हेर्दी’ लिहीत. त्याच्या नावाच्या अक्षरांत ‘इटलीचा राजा व्हित्तोरिओ एमानुएले’ लपलेला होता. व्हेर्दी पुढे १८६१ मध्ये पंतप्रधान काव्हूरच्या आग्रहाने इटलीच्या पहिल्या संसदेतही बसला. पण त्याच्या ‘नबुक्को’ या ऑपेरातल्या गुलामांच्या समूहगीताला १८४२ च्या पहिल्या प्रयोगाच्या रात्री लोकांनी वन्समोअर घेतला, ही गोष्ट कुणाला सांगू नकोस. पुन्हा गायला लावलं ते वेगळं गीत होतं, हे अभ्यासकांनी दाखवून दिलंय.

आणखी एक, जे गाणी ऐकून कळत नाही. नेपल्सला नाही म्हणणाऱ्या माणसाकडे सांत आगाताची शेती होती आणि प्रकाशक रिकोर्दीशी केलेले करार होते. त्याच्या ऑपेरात काटछाट करणाऱ्याला दंड, अशी अट त्यांत असे. १८५८ मध्येच त्याने एका पत्रात ‘नबुक्को’पासूनच्या सोळा वर्षांना वेठबिगारी म्हटलं आहे. नकार द्यायची ऐपत त्याने त्या वर्षांत कमावली. तुझ्या संस्थेने तालमीच्या हॉलचं भाडं आयोजकांच्या आगाऊ पैशातून भरलंय, हे मला माहीत आहे, म्हणून हे लिहिते.

माझं मत विचारशील तर गावाचं नाव खुशाल बदल. आमदाराबद्दल मला ठरवता येत नाही. तो खुर्चीमुळे माजलाय की पैशामुळे, ते तुलाच माहीत. ओवी काढून मात्र ते नाटक उभं राहणार नाही.

फोनवर काहीही कबूल करू नकोस. करारपत्राचे आणि त्यांच्या पत्राचे फोटो आज रात्री पाठव. संहितेत बदल सुचवण्याचा हक्क कुठल्या कलमाने घेतलाय ते बघते, आणि प्रयोग रद्द झाला तर आगाऊ रक्कम परत करावी लागते का तेही. उत्तराचा मसुदा तू कर, मी फक्त कलमं तपासून देईन.

तुझी,
आई