गेट-सिंकच्या वरच्या चार ओळींसाठी

सर,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं 'सर'. आभार मात्र जाहीरच मानणार. माझी अक्कल काढणाऱ्यांनीही ती चारचौघांतच काढली होती.

माझ्याकडे एक जुना ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, आला होता. त्याचं डिव्हाइस एकदा रिझ्यूम, म्हणजे झोपेतून जागं होणं, फसलं की पुन्हा झोपायला तयार नसायचं. मूळ सापडलं ते लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, 'पीएम रनटाइम गेट सिंक' या फंक्शनमध्ये. हे फंक्शन आधी यूसेज काउंट (डिव्हाइस किती जण वापरताहेत तो आकडा; तो शून्यावर आल्याशिवाय डिव्हाइस झोपत नाही) वाढवतं, मग डिव्हाइस जागं करायला जातं. जागं करणं फसलं तर एरर देतं, पण वाढवलेला काउंट तसाच ठेवतं. बाकी बहुतेक ठिकाणी रीत अशी, की फंक्शन फसलं म्हणजे आपल्याकडे परत करण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून लिहिणारा एरर बघतो, रिटर्न करतो, आणि तो काउंट काही शून्यावर येत नाही. वर आणखी, डिव्हाइस आधीच जागं असेल तर हेच फंक्शन 1 देतं. शून्य नाही म्हणजे एरर, असं धरणारा तिथेही आपटतो.

हे आपल्या कोडमध्ये कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्यासाठी टीप, म्हणून ठळक लिहून ठेवूया का, एवढंच मी विचारलं होतं. एक सीनियर म्हणाले, "कोड हेच डॉक्युमेंटेशन. वाचता येत नसेल तर कर्नलमध्ये आलीस कशाला?" दुसरे म्हणाले, "कॉमेंट वाचतंय कोण? हेल्पर टाक आणि मोकळी हो." हेल्पर म्हणजे असलं काम परस्पर उरकणारं छोटं फंक्शन. मग दोघांची आपापसात जुंपली. मी तिथेच उभी होते, हे बहुधा दोघांच्याही लक्षात नव्हतं.

तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात. "वरून वाचत आलीस ना? नेमक्या कुठल्या ओळीला वाटलं की काउंट आता आपल्याकडे नाही?" मी स्क्रीनवर बोट ठेवलं. तुम्ही ती ओळ वहीत उतरवून घेतलीत, पुढे मी काय म्हणाले तेही. "मी हे इतकी वर्षं वाचतोय की नवख्याला इथे काय दिसतं ते मला आता दिसत नाही. तू सांगत जा, मी लिहितो." माझ्या गोंधळाची कुणी नोंद घ्यावी, तीही पेनानं, हे मला अजून खरं वाटत नाही. आज फंक्शनच्या वर कॉमेंटच्या ज्या चार ओळी आहेत, त्यांतली पहिली जवळजवळ माझ्याच तोंडची आहे.

मग तुम्ही इतिहास उलगडलात. 2020 मध्ये हाच अडकलेला काउंट सोडवणारे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, एकामागून एक येत होते, एकेका ड्रायव्हरमध्ये तीच दुरुस्ती. शेवटी कर्नलच्या 5.10 आवृत्तीत 'रिझ्यूम अँड गेट' हा छोटासा हेल्पर आला: फसलं तर काउंट स्वतःच खाली घेतो. जुनं फंक्शनच का नाही बदललं, या माझ्या प्रश्नावर तुम्ही हसला नाहीत. कितीतरी कॉलर (हे फंक्शन वापरणारा कोड) त्यानं काय परत दिलं ते न बघता शेवटी पुट करतात, म्हणजे काउंट उतरवतात, काही जण एररच्या वाटेवर काउंट स्वतः उतरवतात. वागणूक बदलली तर आज बरोबर असलेला कोड चुकीचा ठरेल. म्हणून नवं लिहिणाऱ्याला हेल्पर, आणि जुन्यासोबतच राहावं लागणाऱ्याला कॉमेंट. अधिकृत कागदपत्रांतही आता हेच आहे: एरर आली तरी काउंट उतरत नाही, तेव्हा नव्या फंक्शनचा विचार करा. तासभर भांडणाऱ्या त्या दोघांपैकी एकानंही ती फाइल उघडली नव्हती.

हुशार माणसं या धंद्यात ढिगानं आहेत. समोरच्याला मूर्ख न ठरवता उत्तर देणारी शोधावी लागतात, आणि त्यांचं नाव कुठल्याही कमिटच्या (कोडमधल्या बदलाच्या नोंदीच्या) टॅगमध्ये येत नाही.

एक मात्र मला अजून पटलेलं नाही. तो हेल्पर आपल्या जुन्या व्हेंडर कर्नलमध्ये (हार्डवेअर कंपनीकडून आलेल्या कर्नलमध्ये) आणताना, डिव्हाइस आधीच जागं असलं की जुनं फंक्शन 1 देतं, त्या 1 चं इथे 0 होतं ही ओळ कॉमेंटमध्ये हवीच, असं तुमचं म्हणणं. मला वाटतं, कॉलरला त्या 1 चा विचारच करावा लागू नये म्हणून तर हेल्पर आहे. पॅच पाठवलाय, ती ओळ न घालता. रिव्ह्यूमध्ये भांडा.

तुमची,
ड्रायव्हर टीममधली सगळ्यात नवी