ओजसच्या सिरपबद्दल

लेस्टर, फेब्रुवारीअखेर

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस सा. न.

ओजसच्या अ‍ॅलर्जीच्या सिरपच्या बाटलीचा तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. मागच्या बारीक अक्षरांत लिहिलंय: दर 5 मि.ली.मध्ये लिव्होसेटिरिझिन 2.5 मि.ग्रॅ. आणि मॉन्टेल्युकास्ट 4 मि.ग्रॅ. म्हणजे एका मापात दोन अगदी वेगळी औषधं जातात: पहिलं शिंका-खाजेचं, दुसरं दमा आणि अ‍ॅलर्जीचं. शिंका थांबल्या, पण रात्री किंचाळून उठणं आणि हाताला चावणं सुरू झालं, त्यावर घरात सगळे ‘ऑटिझममध्ये असं चालायचंच’ म्हणतात. मला ते पटत नाही. ऑटिझम काही या महिन्यात आलेला नाही. या महिन्यात आली ती बाटली.

माझा पहिला संशय मॉन्टेल्युकास्टवर. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) मार्च 2020 मध्ये त्यावर चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक इशारा छापायला लावला: भयानक स्वप्नं, झोपेत चालणं, चिडचिड, आक्रमकपणा, उदासी, आत्महत्येचे विचारसुद्धा. साध्या नाकाच्या अ‍ॅलर्जीला दुसरी औषधं लागू पडत असतील तर हे टाळा, असंही त्यात म्हटलंय. सगळ्याच मुलांना हा त्रास होतो असं नाही. पण बोलणारं मूल सकाळी ‘वाईट स्वप्न पडलं’ म्हणून सांगतं, ओजसचं स्वप्न आपल्याला त्याच्या चावण्यातूनच कळणार. ओजसला दमा नाही, त्यामुळे हे औषध बंद करता येईल का, हे डॉक्टरांना उद्याच फोन करून विचारा. पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. (दमा असता तर स्वतःहून बंद करू नका म्हटलं असतं.) बहुतेकांचा त्रास बंद केल्यावर जातो, क्वचित काही दिवस रेंगाळतो किंवा बंद केल्यानंतरही दिसतो, म्हणून लक्ष ठेवा.

लिव्होसेटिरिझिन त्या मानानं सौम्य, पण झोप आणतंच. ओजसला रात्री रिस्पेरिडोनही (चिडचिड कमी करायचं औषध) आहे, त्याचीही सुस्ती असते. दोन्ही मिळून सकाळी तो गुंगीत असतो. गुंगीतलं मूल शांत बसेलच असं नाही, उलट किरकिर करतं, कपडे घालू देत नाही. फेक्सोफेनाडिन हे त्याच जातीचं अ‍ॅलर्जीचं औषध मेंदूत फारच कमी पोचतं, त्याबद्दल विचारून पाहा. 2 ते 11 वर्षांच्या मुलांना साधारणपणे 30 मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा देतात, ओजसचं माप डॉक्टर ठरवतील. एक भानगड मात्र आहे: सफरचंद, संत्रं, मोसंबी यांच्या रसाबरोबर दिलं तर ते पोटातून नीट शोषलंच जात नाही. पाण्याबरोबरच द्या, बाटली आधी हलवा. लिव्होसेटिरिझिन काही महिने रोज चालू राहिलं आणि अचानक थांबवलं, तर काहींना अंगभर भयंकर खाज सुटते. एफडीएनं 2025 मध्ये तसं सांगितलंय. ओजसचा महिनाच झालाय, तरी बंद केल्यावर खाजवायला लागला तर वागण्याचा दोष समजू नका, डॉक्टरांना कळवा.

इंदूरच्या दवा बाजारातून कुणी प्रेमानं ‘सर्दीची बाटली’ आणून दिली तर घेऊ नका. तिच्यात बहुधा क्लोरफेनिरामीन असतं, ते अ‍ॅलर्जीचं जुन्या पिढीचं औषध: काही मुलं झोपण्याऐवजी रात्रभर उड्या मारतात, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं. ज्या मुलाला पोट दुखतंय हे सांगता येत नाही, त्याचं बद्धकोष्ठ डोकं आपटण्यातून बाहेर येतं. त्याच्या जोडीला फिनाइलेफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) असेल तर आणखी बेचैनी. हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं भारत सरकारनंही डिसेंबर 2023 मध्ये सांगितलंय. ओजस पाचाचा आहे म्हणून लगेच सुरक्षित झाला असं नाही.

आता माप. स्वयंपाकघरातला चमचा नको, कुठला 3 मि.ली.चा, कुठला 7 चा. केमिस्टकडून 5 मि.ली.ची बिनसुईची सिरिंज आणा, गालाच्या आतल्या बाजूनं हळूहळू सोडा. दुधाच्या अख्ख्या पेल्यात औषध मिसळू नका, त्यानं अर्धा पेला टाकला की किती गेलं कळत नाही.

गोळ्या-सिरपांपेक्षा मला नाकाचा फवारा जास्त भरवशाचा वाटतो. फ्लुटिकासोन फ्युरोएटला वास नसतो. फ्लुटिकासोन प्रोपिओनेटला फुलांसारखा वास येतो, आणि वासानंच ओजस बिथरेल. फ्युरोएटचं नेहमीचं माप दर नाकपुडीत 27.5 मायक्रोग्रॅमचा एक फवारा, दिवसातून एकदा. परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही, आठवडा-दोन आठवडे थांबायचं. लोक चौथ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडतात. नवी बाटली बारीक धुकं येईपर्यंत हवेत मारून घ्या. मान किंचित पुढे, मागे नाही. टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. पडद्यावर मारलं की घोळणा फुटतो. आधी मिठाच्या पाण्याचा स्प्रे, थोड्या वेळानं हा. पहिले काही दिवस रिकामी बाटली ओजसच्या हातात द्या, बाहुलीच्या नाकाला लावू द्या, मग त्याच्या हातावर एक फवारा, मग नाक. रोजच्या चित्रांच्या पट्टीत दात घासण्याच्या शेजारी नाकाचं चित्र लावा. धरून मारलं तर दुसऱ्या दिवशी बाटली दिसताच तो पळेल.

रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आठवड्याभरावर येईल. राजवाड्याकडे त्याला नेऊ नका, गुलालाची धूळ आणि डीजे दोन्ही त्याला झेपणार नाहीत. एप्रिलमध्ये नरवाईचा (शेतात जाळलेल्या खुंटांचा) धूर आला की खिडक्या बंद, आणि संध्याकाळी नाकात मिठाचं पाणी.

एक वही घाला: झोपला कधी, उठला कितीदा, शौच, जेवण, चावणं, आणि औषध किती वाजता. एका वेळी एकच बदल करा. सिरप, फवारा, दूध सगळं एकदम बदललं तर कशानं बरं वाटलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हीच वही डॉक्टरांपुढे ठेवा.

लघवी आठ तास झाली नाही, झोपेतून जागाच होत नाही, झटका आला, किंवा ओठ-चेहरा सुजून श्वास लागला, तर मला फोन करत बसू नका, सरळ एमवाय हे सरकारी हॉस्पिटल किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा. श्वास लागल्यावर अ‍ॅलर्जीचं सिरप उपयोगाचं नाही, तिथे अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शनच लागतं.

आईला नमस्कार. वहीचं पहिलं पान रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

तुमची,
मनू