अडीच वर्षांच्या मुलाची एकाग्रता

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुटीआधी पूर्वप्राथमिक वर्गांची प्रगतिपत्रके घरोघरी येतात. माझ्या नातीच्या पत्रकावर यंदा ‘एकाग्रता कमी, जागेवर बसत नाही, पालकांनी लक्ष द्यावे’ असा शेरा होता. नात अडीच वर्षांची आहे. शेरा वाचून सुनेच्या डोळ्यांत पाणी आले आणि सुटीत रोज अर्धा तास पाटीसमोर बसवण्याचा बेत ठरला. सांगलीतच २६ वर्षे बालवाडी चालवलेली असल्याने मला गप्प बसवेना.

मन आवरणे, हातातले टाकून सांगितलेले करणे, हवीशी वस्तू समोर असताना थांबणे ही कामे प्रामुख्याने कपाळामागच्या मेंदूकडे असतात आणि तो भाग पुरता पक्व व्हायला वयाची विशी ओलांडावी लागते. या क्षमतेला खरा वेग येतो तो तीन ते पाच या वयात. वाटीने पाणी इकडून तिकडे ओतण्यात जे मूल वीस मिनिटे दंग असते, तेच रेघा गिरवायला बसवले की दोन मिनिटांत उठते. एकाग्रता त्याच्याजवळ आहे, ती कुठे लावायची हे मात्र अजून तेच ठरवते.

संयमाचा विषय निघाला की स्टॅनफर्डमधील वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग हमखास सांगितला जातो: आता एक खाऊ, थांबलास तर दोन. थांबणारी मुले पुढे यशस्वी होतात, हा त्यातून काढलेला निष्कर्ष पालकसभांतून आजही ऐकवला जातो. मात्र सुमारे ९०० मुलांच्या माहितीवर आधारलेल्या २०१८च्या अभ्यासात घरची परिस्थिती व मुलाची आधीची समज हिशेबात धरताच हा संबंध बराच क्षीण झाला. मला अधिक मोलाचा वाटतो तो रॉचेस्टर विद्यापीठातील, २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. त्यात तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांपैकी निम्म्यांना मोठ्या माणसाने ‘चांगले रंग आणून देतो’ असे सांगून ते खरोखर आणून दिले आणि उरलेल्यांकडे रिकाम्या हाताने परतून ‘रंग नाहीत’ असे सांगितले. मग खाऊची परीक्षा झाली. शब्द पाळला गेलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, फसवली गेलेली तीनच मिनिटे. ज्याला वाट पाहून काही मिळालेच नाही, त्या मुलाने का थांबावे?

हे वाचताना आपलीच घरे डोळ्यांसमोर येतात. ‘आत्ता येते हं’ म्हणून मागच्या दाराने कामावर निघून जाणारी आई, ‘उद्या आमराईत नेतो’ म्हणून विसरणारे आजोबा, जेवताना मोबाईल पुढे धरून ‘हा घास खा, मग देते’ म्हणणारी आणि रडू फुटताच घासाआधीच तो देऊन टाकणारी आजी (मीही त्यातलीच, खोटे कशाला बोलू). मोबाईलविषयी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची शिफारस स्पष्ट आहे: दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास.

बसवून ठेवण्याऐवजी ‘चिमणी भुर्र’ खेळावे. सर्वांनी जमिनीवर बोट टेकायचे, उडणाऱ्याचे नाव घेतले तरच उचलायचे. अडीच वर्षांच्या मुलाचे बोट म्हशीलाही उडते. चार-साडेचारचे मूल मात्र अर्धवट उचललेले बोट ओशाळून खाली आणते. मनाला लगाम घालण्याचा सराव तो हाच, आणि तो हसतखेळत होतो.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत टप्प्यासाठीही खेळातून शिक्षणच सांगितले आहे. त्या टप्प्यातही न आलेल्या बालकांच्या पत्रकातून एकाग्रतेचा रकाना काढून टाकावा, अशी जिल्ह्यातील सर्व संस्थाचालकांना विनंती आहे. तूर्त आमच्या सूनबाईंनी शेऱ्याखाली सही करण्यापूर्वी नातीचे वय वर्षे आणि महिने मांडून ठळक अक्षरांत लिहिले आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, विश्रामबाग, सांगली