कोरा रकाना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फार्मसीत रुजू होते आहेस, तर औषधांच्या फळ्यांआधी रुग्णांच्या नोंदी समजून घे. पूर्ण नाव आणि जन्मतारीख रुग्णाच्याच तोंडून वदवून घे. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं की घाईतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस नुसती मान डोलावतो. नवी फाइल उघडण्याआधी जन्मतारखेने शोधून बघ. स्पेलिंग बदललं की एकाच माणसाच्या दोन फाइली होतात. मग रक्त गोठू न देणारं वॉरफरिन एकीत, वेदनाशामक आयबुप्रोफेन दुसरीत, आणि दोन्ही एकत्र घेतल्याने वाढणाऱ्या रक्तस्रावाच्या धोक्याची सूचना कॉम्प्युटर देतच नाही.

सगळ्यात जास्त लक्ष ॲलर्जीच्या रकान्याकडे दे. नुसतं 'पेनिसिलिन' लिहून भागत नाही. काय झालं, केव्हा झालं, औषधानंतर किती वेळाने झालं, हेही हवं. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, दम लागणं वेगळं; नुसती मळमळ किंवा जुलाब बहुधा दुष्परिणाम असतात. सरसकट ॲलर्जी लिहिलीस तर रुग्णाला कामाचं औषध उगाच नाकारलं जातं. शिवाय खोट्या सूचनांना कंटाळलेले लोक खरी सूचनाही न वाचता पुढे ढकलतात. ठरवणं फार्मासिस्टचं काम. तू रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिही. ॲलर्जी नसेल तर 'माहितीत ॲलर्जी नाही' असं लिही. रकाना कोरा असला, तर कुणी विचारलंच नाही असा त्याचा अर्थ होतो.

"कोणती औषधं घेता?" या प्रश्नाच्या उत्तरात लोक फक्त गोळ्या सांगतात. डोळ्यांचे थेंब, इनहेलर, इन्सुलिन, चिठ्ठीशिवाय घेतलेली वेदनाशामकं, काढे, सगळं वेगवेगळं विचार. संधिवातासाठी तोंडाने घ्यायचं मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच असतं, तेव्हा वारही लिही. रोज घेतलं तर जिवावर बेततं.

वजन किलोतच लिही, मोजल्याची तारीख घालून. पौंडांचा आकडा किलो म्हणून गेला, तर मुलाचा डोस दुपटीहून जास्त होतो. ०.५ लिही, नुसतं .५ नको, ५ लिही, ५.० नको. टिंब पुसट झालं की दहापट फरक पडतो.

कागदावर चूक झाली तर एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी दुरुस्ती, तारीख, वेळ, आद्याक्षरं. व्हाइटनर नको. दुसऱ्याच्या लॉगिनवर तर एक अक्षरही नको.

आणि तयार करून ठेवलेलं पण कुणी न नेलेलं औषध फळीवर परत जातं, तेव्हा 'दिलं' ही नोंदही रद्द कर. ती राहिली तर रुग्ण औषध घेतोय असंच फाइल सांगते, आणि गुण का येत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात.

तुझी आई